पुळणीवरचा गोल्फ

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गालिच्यासारखी हिरवळ आणि फाटकावरचा राखणदार येतो. हा खेळ मुळात पुळणीवरचा आणि गावाचा आहे, असे सांगितले तर रत्नागिरीकर हसतील. पण भाच्याबरोबर स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला गेलो, तेव्हा मला आठवले ते आपले भाट्ये.

भाट्याला पुळण संपते तिथे मर्यादवेल पसरते, मग सुरूचे बन लागते. समुद्र आणि शेती यांच्यामधल्या अशा वाळवट, उंचसखल पट्ट्याला तिकडे लिंक्स म्हणतात. तिथे पीक येत नाही. म्हणून मेंढ्या, ससे आणि खेळ. वाऱ्याचा आडोसा घेत मेंढ्या जिथे बसायच्या, तेच खड्डे पुढे बंकर झाले असे सांगतात. इथल्या ओल्ड कोर्सवर असे 112 बंकर आहेत.

उंच मारलेला चेंडू वारा भलतीकडे नेतो. म्हणून तो बुटका मारायचा आणि टणक जमिनीवरून घरंगळत न्यायचा. भाचा म्हणाला, "मामू, इथं आभाळाकडं नाही, जमिनीकडं बघून खेळायचं." चौदाव्या होलच्या वाटेवर 'हेल' नावाचा बंकर आहे, म्हणजे जहन्नमच! त्यात चेंडू अडकला, तर कधीकधी तो मागे मारूनच सुटका होते. होल 18, पण ग्रीन 11च. सात ग्रीनवर दोन-दोन होल, एक जातानाचे, एक येतानाचे. आणि त्या दोन क्रमांकांची बेरीज दर वेळी 18. दुसरे नि सोळावे, तिसरे नि पंधरावे. कवीला असला हिशेब आवडतोच.

ही जमीन मात्र फुकट टिकली नाही. इथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क 1552 सालच्या सनदेत नोंदलेला आहे. तरी अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन हातची गेली आणि तिथे व्यापारासाठी ससे पाळले जाऊ लागले. बिळांनी मैदान पोखरले. कोर्टकचेऱ्या आणि हाणामाऱ्या वीसेक वर्षे चालल्या. 1821 मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती विकत घेतली. 1894 मध्ये पार्लमेंटचा कायदा झाला आणि लिंक्स पुन्हा गावाकडे आली. किनाऱ्याच्या सातबाऱ्यावरून आपल्याकडे होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे नवे वाटू नये.

म्हणूनच परका पाहुणाही इथे खेळू शकतो. दोन दिवस आधी नाव द्यायचे, चिठ्ठी निघते. हँडिकॅपचा दाखला लागतो आणि फी चांगलीच चढी आहे. रविवारी सहसा खेळ बंद. गावकरी कुत्री घेऊन मैदानभर फिरतात.

दाखला नसलेल्या माझ्यासारख्यासाठी शेजारीच 'हिमालय' आहे! 1867 साली स्थापन झालेल्या बायकांच्या क्लबाचे हे उंचवट्यांचे पटिंग मैदान. थोडे पैसे भरून कोणीही खेळावे. मीही खेळलो. मागे एक आजीबाई नातवाला घेऊन थांबल्या होत्या. पाचव्या फटक्यानंतर त्यांना पुढे जाऊ दिले.