सरत्या वर्षातले डोंगर : हिरवे थोडे, करडे फार

डिसेंबर संपत आला की आमच्या भटक्या कंपूचा एक ठरलेला उद्योग असतो. वर्षभरात सह्याद्रीत काढलेल्या फोटोंतले आपापले आवडते निवडायचे, मोठ्या पडद्यावर लावायचे आणि बाकीच्यांनी ते सोलून काढायचे. जुलै-ऑगस्टचं फोल्डर दरवर्षी सर्वांत जाड असतं, एप्रिल-मेचं सर्वांत बारीक. यंदा निवड मात्र उलटी झाली. पावसाळ्यातले जेमतेम टिकले आणि ज्यांच्यावर खरी चर्चा रंगली ते बहुतेक उन्हाळ्यातले निघाले.

पावसाळी फोटोंचं आधी उरकून टाकतो. ढग, धबधबा, कड्यावर पाठमोरं बसलेलं कुणीतरी, आणि शटर लांबवून पाण्याचं केलेलं दूध. वाईट एकही नव्हता. हल्लीचे मोबाइल वाईट फोटो काढूच देत नाहीत. पण शेजारी शेजारी लावल्यावर माळशेज कुठला आणि ताम्हिणी कुठला, हे सांगायला खालची तारीख बघावी लागली. आमच्यातल्या एकानं साम्रदच्या एका मामांना फोनवर फोटो दाखवले होते. हिरवागार फोटो बघून त्यांनी विचारलं, “हे कुठलं?” तो त्यांच्याच गावामागचा डोंगर होता. एप्रिलमधला दाखवल्यावर मात्र त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक खिंड, एकेक माळ नावानिशी सांगितला.

तो एप्रिलमधला फोटो माझ्या मते या वर्षातला सर्वोत्तम. रतनगडावरून संध्याकाळी अलंग, मदन आणि कुलंग. आकाश धुळकट, रंग म्हणावा तर नाहीच; वाळलेल्या गवताचा फिका पिवळा, मध्येच वणव्यानं काळे केलेले पट्टे आणि बाकी सगळा करडा दगड. उन्हं कलल्यावर कड्यांवर तिरपा प्रकाश पडला आणि एकावर एक चढवलेले आडवे थर सुटे दिसायला लागले. हे थर म्हणजे लाव्हाचे प्रवाह, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेले. घट्ट बसाल्टाचा थर उभा कडा धरून राहतो, सच्छिद्र ठिसूळ थर झिजतो आणि तिथं गवताळ टप्पा तयार होतो. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीची बारीक रेघही दिसते. पहिला थर थंड होऊन दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला, याची ती खूण. गड चढताना कडा, टप्पा, पुन्हा कडा अशी जी दमछाक होते तिचं कारण या फोटोत एका नजरेत दिसतं. ऑगस्टमध्ये याच जागेवरून काढलेला फोटोही पडद्यावर होता. सुंदर होता, पण त्यात डोंगर नव्हता, डोंगरावरचं पांघरूण होतं.

उन्हाळा म्हणजे सगळंच करडं असंही नाही. काटेसावर, पळस, पांगारा पानं टाकून फुलतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यांचे फोटो भरपूर होते आणि त्यावर फारसं बोलणं झालं नाही. मजा आणली ती कुसुंबानं. चैत्राच्या तोंडावर या झाडाला लालभडक पालवी फुटते आणि दुरून सगळ्यांना ती फुलंच वाटतात. सुकलेल्या दरीच्या उतारावर एकच लाल कुसुंब, बाकी चौकट रिकामी. “रंग वाढवलाय का?” असं दोघांनी विचारलं. वाढवला नव्हता. महाबळेश्वरकडच्या निळ्या-जांभळ्या अंजनीच्या फोटोवरही हाच संशय घेतला गेला.

रंग वाढवण्याचा विषय निघालाच, तर काजव्यांचं सांगायला हवं. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं काजव्यांनी लखलखतात. त्यांचा फोटो एका क्लिकमध्ये होत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अनेक चौकटी घेतात आणि नंतर संगणकावर त्या एकावर एक चढवतात. त्यामुळे फोटोत जेवढे ठिपके दिसतात तेवढे डोळ्याला कुठल्याही एका क्षणी दिसत नाहीत. हे खोटं का? मला नाही वाटत. ते सगळे काजवे त्या रात्री त्याच झाडावर चमकले होते. पण फोटोखाली तसं लिहायला हवं. एकानं मात्र त्याच झाडामागे दुसऱ्या रात्रीची आकाशगंगा चिकटवली होती. तो फोटो आम्ही एकमतानं बाद केला, आणि काढणारा अजून रुसलेला आहे. नर काजवा मादीला बोलावण्यासाठी चमकतो. त्यात टॉर्च आणि गाडीचे दिवे पडले की बोलावणं पोचत नाही. म्हणून अंधारात मुकाट्यानं काढलेल्या फोटोला माझं झुकतं माप.

पावसाळ्यातले जे टिकले त्यांत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र होतं. सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं, असा योग जुळला की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्यी रंगांचं पूर्ण कडं उमटतं. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे हा योग सकाळी येतो. कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात याच गडावरच्या या दृश्याची नोंद केली आहे. गंमत अशी की शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दोघांनी फोटो काढले, तर प्रत्येकाच्या फोटोत कडं ज्याच्या-त्याच्या सावलीभोवती. दोघांचेही फोटो आम्ही ठेवले.

धुक्याशी माझं वैर नाही, हे एका परक्या उदाहरणानं सांगतो. टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीचा, पीटर डोंब्रोव्स्किस यांनी १९७९ मध्ये काढलेला एक फोटो आहे: पहाटेचं धुकं, नदीचं वळण, मधोमध खडक. त्या खोऱ्यात धरण बांधायचं घाटत होतं. १९८३ च्या ऑस्ट्रेलियन निवडणुकीत हा फोटो वृत्तपत्रांत पानभर जाहिरात म्हणून छापला गेला, सत्ता बदलली, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या निकालानं धरण थांबलं. फोटोत धुकं आहे, पण वळणही आहे आणि खडकही. काय बुडणार आहे ते लोकांना दिसलं.

आपल्याकडे फोटोंनी बरेचदा उलटं काम केलं. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं, आणि फुलांच्या गालिच्याचे फोटो घरोघर पोचले. मग गर्दी, मग तिकीट आणि रोजच्या संख्येवर मर्यादा. जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत उगवणारी सीतेची आसवं आणि गेंद पायाखाली जायला फोटोतल्या पोजइतका वेळ पुरतो. म्हणून ‘लोकेशन टाक ना’ या मागणीवर यंदा आम्ही भांडून एक तोडगा काढला: किल्ल्याचं आणि डोंगराचं नाव द्यायचं, काजव्यांचं झाड आणि दुर्मीळ फूल असेल तर तालुक्यापुढे जायचं नाही.

येत्या वर्षी तुम्हीही एप्रिलमध्ये एकदा कॅमेरा घेऊन वर जा. पहाटे निघा, पाणी नेहमीच्या दुप्पट घ्या, आणि काढलेल्या फोटोखाली डोंगराचं नाव जरूर लिहा.