स्टार किती, हे विचाराच. पण कोणाचे, तेही विचारा

परवा मेहुण्याबरोबर शोरूममध्ये गेलो होतो. पठ्ठ्याने दारावर टकटक केली आणि लगेच निकाल दिला, "पत्रा जाड आहे, गाडी सेफ!"

पत्र्यावर जाऊ नका राव. जीव वाचवतो तो आतला सांगाडा. बॉनेटकडचा भाग मुद्दाम चुरगळेल असाच बनवतात, म्हणजे धडकेचा जोर तिथे जिरतो. माणसं बसतात तो भाग मात्र शाबूत राहायला हवा.

तो राहतो का, हे भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत (2023 पासून सुरू) बघतात आणि स्टार देतात. त्यातल्या समोरच्या धडकेत गाडी ताशी 64 किमी वेगाने अडथळ्यावर आदळवतात. तीही पूर्ण तोंडाने नाही, रुंदीच्या 40 टक्केच भागावर. ओव्हरटेकच्या नादात समोरासमोर धडकतात तेव्हा बहुधा असंच होतं. आत पट्टा लावलेले डमी. त्यांच्या डोक्यात, मानेत, छातीत सेन्सर.

आता खरी गंमत. मोठ्यांच्या सुरक्षेचे गुण 32 पैकी, मुलांच्या सुरक्षेचे 49 पैकी, आणि स्टारही वेगवेगळे. 2018 मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय चाचणीचे 5 स्टार मिळाले, केवढा गाजावाजा झाला! ते मोठ्यांसाठी होते. मुलांसाठी होते 3. पुढे 2024 मध्ये सुधारित नेक्सॉनने दोन्हीकडे 5 मिळवले.

लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसत असाल तर हे स्टार विसरा. चाइल्ड सीट घ्या, गाडीच्या सीटमधल्या आयसोफिक्स हुकांना अडकवा.

तुमच्या गाडीचा रिपोर्ट कळत नसेल तर कमेंटमध्ये मॉडेल आणि साल टाका, बघून सांगतो.