तापीची पातळी आणि दवाखान्याचे जोते

बैतूल जिल्ह्यातील मुलताईला उगम पावलेली तापी सुरतेच्या खाली समुद्रास मिळेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहते आणि तीन राज्यांतील ६५,१४५ चौरस किलोमीटर मुलखाचे पाणी आपल्या पात्रात घेते. त्यापैकी सुमारे ५८,४०० चौरस किलोमीटर क्षेत्र सारंगखेड्याच्या वरच्या अंगास आहे. वऱ्हाडातून येणारी पूर्णा, नाशिककडच्या डोंगरांतून उतरणारी गिरणा, धुळ्याच्या मध्यातून जाणारी पांझरा, सातपुड्यातील अनेर, या साऱ्या नद्या वाटेतच तापीस मिळालेल्या असतात, आणि नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील या गावापाशी येईपर्यंत खोऱ्याचा जवळजवळ नऊ-दशांश भाग एकाच पात्रातून वाहू लागलेला असतो. केंद्रीय जल आयोगाचे पातळी व विसर्ग मोजण्याचे केंद्र येथे आहे ते याच कारणाने. पावसाळ्यात येथील आकडे खाली उकाई धरणाकडे जातात. त्या धरणाचे दरवाजे केव्हा आणि किती उघडावयाचे, हा निर्णय ज्या माहितीवर घेतला जातो तिच्यात सारंगखेड्याच्या नोंदीचे स्थान मोठे आहे. आणि अशा निर्णयाचे मोल काय असते हे ऑगस्ट २००६ मध्ये, उकाईतून प्रतिसेकंद सुमारे नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागून सुरत शहराचा बहुतांश भाग जलमय झाला तेव्हा, साऱ्या देशाने पाहिले.

परंतु जो आकडा दूरच्या शहरासाठी इतक्या दक्षतेने टिपला जातो, तोच आकडा सारंगखेड्याच्या आणि त्याच्या आसपासच्या गावांच्या दवाखान्याच्या, शाळेच्या, पोलीस ठाण्याच्या, पाणीपुरवठ्याच्या पंपघराच्या आणि विजेच्या रोहित्राच्या जोत्याशी ताडून पाहिला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. संकटाच्या प्रसंगी ज्यांच्याकडे लोकांनी धाव घ्यावयाची त्याच वास्तू संकटात प्रथम निकामी झाल्या, तर बाकीचा सारा बंदोबस्त व्यर्थ होतो. म्हणून धोक्याचे मूल्यमापन म्हणजे केवळ पूर किती मोठा येईल किंवा भूमी किती हादरेल याचा अंदाज नव्हे. तो अंदाज, त्या वास्तूची अंगभूत दुर्बलता, आणि ती बंद पडली असता किती माणसे निराधार होतील याचा हिशेब, या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या म्हणजेच ते मूल्यमापन पुरे होते.

पुराचा इतिहास या खोऱ्याला नवा नाही. कंपनी सरकारने खानदेश ताब्यात घेतल्यावर थोड्याच वर्षांनी, १८२२ साली, आलेल्या महापुरात ६५ गावे समूळ नष्ट झाली आणि आणखी ५० गावांचा काही भाग वाहून गेला, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरात आहे. आणि सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा व पांझरा यांना आलेल्या पुरात एकट्या धुळ्याची ५०० घरे वाहून गेली. त्या काळच्या दफ्तराने गावे मोजली, घरे मोजली, नुकसानीचे रुपये मोजले, आणि ते योग्यच होते, कारण तेव्हा सरकारी वास्तू म्हणजे फार तर चावडी आणि कचेरी. आज त्याच काठावर लसींचे शीतकपाट आहे, प्रसूतीची खोली आहे, शेकडो मुलांची शाळा आहे, भ्रमणध्वनीचा मनोरा आहे. पंचनाम्यात आता कोणती सेवा किती तास बंद राहिली, हा रकाना घातलाच पाहिजे.

भूकंपाचे नाव काढले म्हणजे खानदेशातील माणूस ते संकट कोयनेचे किंवा किल्लारीचे समजतो. वस्तुतः नर्मदा आणि तापी या दोन नद्या ज्या पट्ट्यातून पश्चिमवाहिनी होऊन जातात, तो द्वीपकल्पाच्या कवचातील एक प्राचीन भंगपट्टा आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे ६.३ प्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र खोल असल्याने तो विस्तीर्ण प्रदेशात जाणवला, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या मुलखाने त्याला परकी घटना मानण्याचे काहीच कारण नाही. याच पट्ट्यात २३ मार्च १९७० रोजी भडोच आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूर हादरले. नंदुरबार जिल्हा भारतीय मानक संस्थेच्या २००२ आणि २०१६ च्या भूकंप-संहितांनुसार तिसऱ्या भूकंपप्रवण विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या प्रदेशात, मोडतो.

‘मध्यम’ या शब्दाने कोणी निश्चिंत होऊ नये. ज्या द्वीपकल्पास भूशास्त्र स्थिर ढाल मानीत होते त्यातच ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली तेव्हा तो भाग नकाशातील सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात रंगविलेला होता. तेथे माणसे मेली ती भूकंपाच्या प्रतेपेक्षा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या मातीच्या जड छपरांनी. खानदेशातील धाब्याच्या घरांची बांधणी तंतोतंत तशी नाही; सागवानी खांब आणि तुळया असलेल्या जुन्या घरात लाकडाचा सांगाडा काही भार पेलतो. परंतु धाब्यावर दरसाल चढत जाणारा मातीचा थर आणि वाळवीने आतून पोखरलेला खांब यांचा विचार केला म्हणजे तो आधारही गृहीत धरता येत नाही.

सारंगखेड्यासारख्या ठिकाणी पायाखालच्या जमिनीचा प्रश्न आणखी निराळा आहे. तापीच्या काठाला गाळाचे जाड थर आहेत, आणि त्यांच्या माथ्यावर काळी कपाशीची जमीन. ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि हलक्या इमारतीच्या भिंतींना दरसाल थोडे थोडे उचलून पुन्हा खाली बसवते. त्यामुळे भूकंप येण्यापूर्वीच कित्येक शाळांच्या भिंतींना तिरप्या भेगा गेलेल्या असतात, आणि त्या दरसाल चुन्याखाली झाकल्या जातात. या जमिनीखाली पाण्याने भरलेली बारीक वाळू असेल तर मोठ्या हादऱ्याने ती क्षणभर द्रवासारखी वागू लागते, आणि तिच्यावरील पाया कलतो किंवा खचतो. २००१ च्या कच्छ भूकंपात रणाच्या विस्तीर्ण भागात हे घडले. सारंगखेड्याला तापीवर बंधारा आहे; त्यात पाणी अडले म्हणजे काठाची भूजलपातळी वर राहते. बागायतीला ती वरदान आहे. पण पायाचा विचार करणाऱ्या अभियंत्याने जमिनीचे परीक्षण हिवाळ्यातील भरलेल्या पातळीस धरून करावे, उन्हाळ्यातील ओसरलेल्या पातळीस धरून नव्हे.

पाहणीची पहिली पायरी फार खर्चाची नाही. जाणत्या अभियंत्याने इमारतीभोवती फिरून, तिचा आकार सरळ आहे की इंग्रजी एल अक्षरासारखा वळलेला, तळमजला भिंतींविना नुसत्या खांबांवर मोकळा आहे काय, जोत्याच्या व दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर सलोह काँक्रीटचे सलग पट्टे आहेत काय, नंतर चढविलेला मजला मूळ नकाशात होता काय, एवढे टिपले तरी कोणत्या वास्तूची सविस्तर तपासणी आधी करावी याचा क्रम लागतो. भूकंप-संहितेत रुग्णालये, शाळा, अग्निशमन केंद्रे यांसारख्या वास्तूंसाठी महत्त्वगुणक दीड धरला आहे. म्हणजे सामान्य इमारतीच्या दीडपट भूकंपबल त्यांनी सोसावे, अशी अपेक्षा आहे. हा नियम नव्या बांधकामासाठी आहे. जुन्या वास्तूंच्या तपासणीसाठी आणि बळकटीकरणासाठी स्वतंत्र संहिता उपलब्ध आहेत. त्यांचा आधार घेऊन एकेका इमारतीचे काम करावयाचे असते. गावोगावचे उंच जलकुंभ मला विशेष काळजीचे वाटतात, कारण त्यांचा सारा भार माथ्यावर असतो आणि आधार सडपातळ. शिवाय भूकंपानंतर पिण्याचे आणि आग विझविण्याचे पाणी त्यांच्याकडूनच यावयाचे असते.

वास्तू उभी राहणे आणि तिचे कार्य चालू राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे जगाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. लॉस एंजेलिसजवळचे ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपात मोडले, मग अतिशय भक्कम असे पुन्हा बांधले गेले; १९९४ च्या भूकंपात त्याचा सांगाडा अभंग राहिला, परंतु पाण्याचे नळ फुटून मजले भिजले आणि रुग्णांना बाहेर काढावे लागले. भूजचे जिल्हा रुग्णालय २६ जानेवारी २००१ रोजी कोसळले, आणि ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज होती त्या दिवशी जखमींवर उघड्यावर उपचार करावे लागले. नवे रुग्णालय पुढे रबर व शिसे यांच्या आधारपट्ट्यांवर उभारले गेले, जेणेकरून जमीन हलली तरी इमारतीपर्यंत तो हादरा सौम्य होऊन पोहोचावा. पुराची उदाहरणे तर आपल्या घरचीच आहेत. २०१९ मध्ये कोल्हापूर पाण्याने वेढलेले असताना शहराची उपसा केंद्रे बुडाल्यामुळे नळांना पाणी नव्हते. आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पुरात वीज गेल्यावर कृत्रिम श्वसनावरील रुग्ण दगावले. तेथे भिंत पडली नव्हती, छप्पर उडाले नव्हते. वीज देणारे यंत्र पाण्याच्या पातळीखाली होते, एवढेच.

सारंगखेड्याच्या परिसरात हा विचार करू लागले की प्रथम डोळ्यांपुढे येतो तो पूल. तापी नंदुरबार जिल्ह्याचे दोन भाग करते: शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके मुख्यतः उत्तरेस, तर नंदुरबार आणि नवापूर दक्षिणेस. जिल्हा रुग्णालय दक्षिणेस आहे. सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवरील अडलेल्या बाळंतिणीस किंवा सर्पदंश झालेल्या शेतकऱ्यास अधिक उपचारांसाठी हलवावयाचे तर नदी ओलांडावीच लागते, आणि त्यासाठी सारंगखेडा व प्रकाशा येथील पुलांसारख्या मोजक्याच वाटा आहेत. तेव्हा पूल ही केवळ सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीतील बाब नसून आरोग्यसेवेचा अवयव आहे, असेच मूल्यमापनात धरले पाहिजे. सप्टेंबर २०२३ च्या पुरात सारंगखेड्याच्या पुलालगतचा जोडरस्त्याचा भराव खचून शहादा-दोंडाईचा वाहतूक थांबली. खांब आणि तुळया शाबूत असताही भराव गेला की पूल निरुपयोगी होतो. पुराचे पाणी पायाशेजारची माती खणून नेते, आणि ते खणणे पाणी ओसरल्यावरही वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरात कोसळून त्यावरील बसगाड्या वाहून गेल्या, तेव्हापासून तरी प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाण्याखालील पायाची तपासणी करणे हा कर्तव्याचाच भाग समजला गेला पाहिजे.

पुराच्या बाबतीत महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने दोन रेषा ठरविल्या आहेत: २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. ‘शंभर वर्षांत एकदा’ या शब्दांमुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. एखाद्या वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. आणि इमारतीचे आयुष्य ५० वर्षे धरले तर त्या अवधीत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते. निळ्या रेषेवर जोते असलेल्या इमारतीच्या वाट्याला तर तेवढ्या काळात पाणी येण्याची शक्यता ८७ टक्के आहे. शेतघर किंवा गोदाम यांच्या मालकाने असा धोका पत्करला तर ते समजण्यासारखे आहे; प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाबतीत तो पत्करण्याचा अधिकार कोणालाही नाही. जेथे जागा बदलणे शक्य नाही तेथे निदान जनित्र, औषधांचा साठा, लसींचे शीतकपाट आणि रुग्णांची कागदपत्रे लाल रेषेच्या वर उचलून ठेवता येतात. त्यासाठी करावयाचे काम असे की जल आयोगाची पातळी ज्या समुद्रसपाटीच्या मापाने मोजली जाते त्याच मापाने गावातील प्रत्येक जोत्याची उंची मोजून ती भिंतीवर लिहावी. मोजणी खात्याच्या माणसाला दुर्बीण आणि पट्टी घेऊन हे काम अल्पावधीत करता येईल, आणि मग तापीवरच वरच्या अंगास असलेल्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याचे वर्तमान येताच परिचारिकेला कोणाला विचारत बसावे लागणार नाही.

सारंगखेड्याचा बंधाराही या यादीत आला पाहिजे. त्याचे दरवाजे पूर येण्यापूर्वी वर उचलले जातात. ते उचलण्यास वीज लागते, वीज गेली तर जनित्र लागते, जनित्रास इंधन लागते, आणि तेथे पोहोचण्यास रस्ता लागतो. मोठ्या भूकंपानंतर खांबांत थोडा कल आला तरी दरवाजा खाचेत अडकू शकतो, म्हणून हादऱ्यानंतरच्या तपासणीत दरवाजे प्रत्यक्ष हलवून पाहणे अंतर्भूत असावे. पूर आणि भूकंप यांचे मूल्यमापन दोन निरनिराळ्या खात्यांनी दोन निरनिराळ्या फायलींत करण्याची आपली पद्धत येथे अपुरी पडते.

आणि या गावाच्या बाबतीत एक विशेष गोष्ट विसरता येणार नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या निमित्ताने, एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येथे लक्षावधी लोक लोटतात आणि देशभरातून घोड्यांचे व्यापारी येऊन तळ ठोकतात. त्या दिवसांत नदी शांत असते, म्हणून पुराची भीती नाही; पण भूकंपाला ऋतू नसतो, आणि मूल्यमापनात गावची कायमची लोकसंख्या धरून चालणार नाही. यात्रेच्या बंदोबस्ताची जी आखणी होते तिच्यात राहुट्या व दुकाने जलकुंभापासून आणि जुन्या उंच भिंतींपासून किती अंतरावर असावीत, विजेच्या तारांखालून किती जागा मोकळी ठेवावी, बिथरलेली शेकडो जनावरे सुटली तर माणसांनी कोणत्या बाजूने निघावे, रुग्णवाहिकेसाठी पुलापर्यंतचा रस्ता कोणी मोकळा ठेवावा, आणि सारंगखेड्याचा पूल बंद झाला तर प्रकाशाच्या वाटेने जखमींना नेण्याचा हुकूम कोणी द्यावा, हे लेखी ठरवून त्याची प्रत ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि आरोग्य केंद्र या तिन्ही ठिकाणी यात्रेच्या आधी पोहोचती करावी.