कुंपणाविना तुरुंग

तुरुंग म्हटला की उंच भिंती, काटेरी तारा, टेहळणीचे मनोरे आणि लोखंडी गज हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. अमेरिकेच्या संघीय सरकारच्या अखत्यारीत मात्र असेही तुरुंग आहेत की ज्यांना धड कुंपणही नाही. ‘किमान सुरक्षा’ या वर्गात ते मोडतात आणि सरकारी दप्तरात त्यांना ‘प्रिझन कँप’ म्हणतात. स्त्रियांसाठी असलेल्या अशा कँपांविषयी तेथील वृत्तपत्रांत बहुधा थट्टेच्या सुरातच लिहिले जाते. गृहसजावट व पाककृती यांवर मोठा उद्योग उभारणारी मार्था स्ट्युअर्ट ऑक्टोबर २००४ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील ऑल्डरसनच्या कँपात पाच महिन्यांची शिक्षा भोगण्यास गेली, तेव्हा त्या जागेचे ‘कँप कपकेक’ हे टोपणनाव सर्वतोमुखी झाले. ‘थेरानोस’ कंपनीची संस्थापक एलिझाबेथ होम्स मे २०२३ मध्ये टेक्सासमधील ब्रायनच्या कँपात दाखल झाली. गिलेन मॅक्सवेल हिलाही ऑगस्ट २०२५ मध्ये तेथेच हलवण्यात आले. हा तुरुंग की विश्रामधाम, असा प्रश्न त्या त्या वेळी विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र या गाजलेल्या नावांत सापडणार नाही. ज्यांची नावे कधीच छापून येत नाहीत त्या स्त्रियांच्या दिनक्रमात ते शोधावे लागेल.

या कल्पनेचा उगम शंभर वर्षांमागचा आहे. संघीय कायद्याखाली शिक्षा झालेल्या स्त्रियांसाठी तोवर स्वतंत्र तुरुंगच नव्हता. राज्यांच्या तुरुंगांत मिळेल त्या कोपऱ्यात त्यांना ठेवले जाई. उपमहान्यायवादी मेबल वॉकर विलेब्रांट यांनी आणि अनेक महिला संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९२७ साली ऑल्डरसन येथे स्त्रियांचा पहिला संघीय तुरुंग सुरू झाला. त्याच्या पहिल्या अधीक्षक मेरी हॅरिस. या बाईंनी १९०० साली शिकागो विद्यापीठातून संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्र या विषयांत डॉक्टरेट मिळवली होती, हे मराठी वाचकाला ऐकून नवल वाटेल. संस्कृतचे अध्ययन करून तुरुंगाच्या कारभाराकडे वळलेल्या या विदुषीने भिंतींवर विश्वास ठेवला नाही. डोंगराळ मुलखातील त्या विस्तीर्ण आवारात लहान लहान बंगलीवजा घरे उभारली गेली. शेती, स्वयंपाक, शिवण आणि शिक्षण यांच्या आधारे स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा हॅरिस यांचा आग्रह होता. तुरुंगाने माणूस मोडू नये, घडवावा, ही त्यामागची श्रद्धा होती.

ती श्रद्धा आज कितपत उरली आहे, हे पाहण्यासाठी प्रथम या कँपांत कोण जाते ते समजून घेतले पाहिजे. संघीय तुरुंगांच्या एकूण लोकसंख्येत स्त्रियांचे प्रमाण शेकडा सुमारे सात आहे. गुन्ह्याचे गांभीर्य, पूर्वीचा इतिहास, हिंसाचार, पलायनाचे प्रयत्न अशा बाबींना गुण देऊन प्रत्येक कैद्याचा सुरक्षावर्ग ठरवला जातो. ज्यांच्यापासून समाजाला फारसा धोका नाही, अशांना किमान सुरक्षेचा वर्ग मिळतो. पैशांच्या अफरातफरीत सापडलेल्या हिशेबनीस, कारकून, व्यावसायिक स्त्रिया तेथे असतात. पण अमली पदार्थांच्या व्यापारात पती, प्रियकर किंवा भाऊ यांच्यामागून ओढल्या गेलेल्यांची संख्याही मोठी असते. एक अट मात्र भारतीयांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. जी स्त्री अमेरिकेची नागरिक नाही आणि शिक्षेनंतर जिला देशाबाहेर पाठवले जाऊ शकते, तिला एरवी कितीही निरुपद्रवी ठरवले तरी सामान्यतः कँपात जागा मिळत नाही. तिची रवानगी कुंपणाच्या तुरुंगात होते. एकाच गुन्ह्यासाठी शेजारशेजारी उभ्या राहिलेल्या दोन मराठी भगिनींपैकी एकीकडे अमेरिकेचे पारपत्र असेल आणि दुसरीकडे भारताचे, तर त्यांच्या वाटा येथेच वेगळ्या होतील.

अशा कैद्याला पुष्कळदा पोलीस बेड्या घालून नेत नाहीत. न्यायाधीश तारीख ठरवून देतात आणि त्या दिवशी तिने स्वतःच्या पायांनी तुरुंगाच्या दारी हजर व्हायचे असते. ओळखपत्र, चष्मा, खड्याविना साधी विवाहाची अंगठी, एखादे धर्मचिन्ह आणि खटल्याचे कागद, एवढेच बरोबर नेता येते. अंगावरचे कपडे उतरवून झडती होते, ते कपडे घरी परत पाठवले जातात आणि गणवेष हाती येतो. यापुढे प्रत्येक कागदावर नावासोबत आठ आकडी क्रमांक चालतो. मग मिळते ती कोठडी नव्हे, तर मोठ्या दालनात आखूड आडभिंतींनी पाडलेला एक कप्पा, त्यात दोन मजली लोखंडी खाट आणि एक कपाट. दाराला कुलूप नाही, कारण दारच नाही. एकांत नावाची गोष्ट तेथे संपते.

दिवस मोजणीने बांधलेला असतो. रात्री झोपेतही पहारेकरी विजेरी घेऊन डोकी मोजून जातो. दुपारी चार वाजता देशभरातील सर्व संघीय तुरुंगांत एकाच वेळी उभ्याने मोजणी होते. त्या वेळी प्रत्येकीने आपल्या खाटेपाशी मुकाट्याने उभे राहायचे. प्रकृती धडधाकट असलेल्या प्रत्येकीला काम करावेच लागते. स्वयंपाकघर, धुलाई, बागकाम, कोठार, दुरुस्ती, वीजजोडणी यांपैकी काहीतरी वाट्याला येते. साध्या कामाची मजुरी तासाला १२ ते ४० सेंट असते. उलट, स्वतः मागणी करून डॉक्टरांकडे गेल्यास भेटीमागे दोन डॉलर कापले जातात. अगदी निष्कांचन कैदी, तातडीचे आजार आणि गरोदर स्त्रियांची तपासणी यांना त्यातून सूट आहे. सर्वांत खालच्या दराने राबणाऱ्या बाईला एका भेटीसाठी जवळजवळ सतरा तास काम करावे लागते, हा हिशेब कोणाही कारकुनाला चटकन समजेल. तुरुंगातील दुकानात साबण, शांपू, कॉफी मिळते. पण ज्यांच्या घरून पैसे येतात त्यांनाच ते परवडते. बाहेरच्या समाजातील गरीब-श्रीमंत हा भेद गणवेषाने झाकला जात नाही. मासिक पाळीच्या काळात लागणारे पॅड मोफत दिलेच पाहिजेत, हे सांगण्यासाठी २०१८ साली कायद्यात तरतूद करावी लागली. यावरून त्याआधीच्या परिस्थितीची कल्पना येते.

तथापि, अन्न, काम, झोप ही या शिक्षेची बाह्य अंगे झाली. तिचा गाभा अंतरात आहे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचे तुरुंग फार थोडे. साहजिकच घरापासून ते फार दूर पडतात. कैद्याला शक्यतो घरापासून ५०० मैलांच्या आत ठेवावे, असे २०१८ चा ‘फर्स्ट स्टेप’ कायदा सांगतो. पण ५०० मैल म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर आणि ‘शक्यतो’ या शब्दात पुष्कळ काही मावते. तुरुंगातील बहुसंख्य स्त्रिया माता आहेत. बाप तुरुंगात गेला तर मूल बहुधा आईजवळ राहते. आई गेली तर ते आजीकडे, मावशीकडे किंवा सरकारी छत्राखाली परक्या घरी जाते. भेटीला यायचे म्हणजे त्या आजीने रजा काढायची, मोटार मिळवायची, मुक्कामाचा खर्च सोसायचा. ऑल्डरसन गावात १९७७ साली अशा भेटीस येणाऱ्यांसाठी एक अतिथिगृह सुरू करावे लागले, ते याच कारणाने. एरवी आधार दूरध्वनीचा, पण एक संभाषण पंधरा मिनिटांचे. ती संपली की वाक्य अर्धे राहिले तरी संबंध तुटतो. गरोदर स्त्रीला प्रसूतीच्या सुमारास तुरुंगाबाहेरच्या निवासात पाठवण्याची एक योजना आहे. तीत तिला बाळाबरोबर साधारणतः तीन महिने मिळतात. त्यानंतर बाळ नातेवाइकांकडे जाते आणि आई परत कँपात येते.

मग कुंपण नसताना या स्त्रिया निघून का जात नाहीत? काही जणी गेल्याही आहेत. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावरील हल्ल्याबद्दल जन्मठेप झालेली लिनेट फ्रॉम डिसेंबर १९८७ मध्ये ऑल्डरसनमधून पळाली आणि दोन दिवसांत पकडली गेली. परंतु सर्वसाधारण कैदी स्त्रीला ठाऊक असते की, आवाराची रेघ ओलांडणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी आणखी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि कँप कायमचा सुटून गजांचा तुरुंग नशिबी येतो. संघीय व्यवस्थेतून पॅरोल नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांसाठी रद्द झाला आहे. सद्वर्तनाबद्दल वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवसांची सूट, व्यसनमुक्तीचा दीर्घ अभ्यासक्रम पुरा केल्यास पात्र कैद्यांना एक वर्षापर्यंत सवलत आणि २०१८ च्या कायद्याने शिक्षणवर्गांबद्दल मिळणारे दिवस, एवढीच काय ती शिदोरी. प्रत्येक दिवस जपून साठवायचा आणि एखाद्या अधिकाऱ्याच्या एका शेऱ्याने तो गमावण्याची धास्ती बाळगायची. कुंपणाचे काम ही धास्ती करते.

आणि नेमकी येथेच या सौम्य दिसणाऱ्या व्यवस्थेची काळी बाजू सुरू होते. जे भय स्त्रीला कुंपणाविना आत ठेवते, तेच तिला गप्पही ठेवते. कँपात कर्मचारी थोडे असतात. कोठारात, वाहनात, एखाद्या कार्यालयात कैदी स्त्री आणि तिच्यावरचा अधिकारी असे दोघेच असण्याचे प्रसंग रोजचे. अमेरिकी सिनेटच्या चौकशी उपसमितीने डिसेंबर २०२२ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, मागील दशकात स्त्रिया ठेवलेल्या संघीय तुरुंगांपैकी निदान दोन तृतीयांश ठिकाणी कर्मचाऱ्यांनी कैदी स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केले. फ्लॉरिडातील कोलमनचा कँप किमान सुरक्षेचाच होता. तेथील काही अधिकाऱ्यांनी खात्याच्या चौकशीत गुन्ह्याची कबुली दिली; परंतु ती कबुली सक्तीने घेतली असल्यामुळे फौजदारी खटल्यात वापरता येईना आणि ते खटल्यावाचून सुटले. अत्याचार-प्रतिबंधाची तपासणी होण्याच्या दोन दिवस आधी तेथील सगळ्या स्त्रियांना अन्यत्र हलवण्यात आले, त्यामुळे तपासनिसाला विचारण्यासाठी एकही स्त्री उरली नाही. कॅलिफोर्नियातील डब्लिनच्या तुरुंगात तर खुद्द वॉर्डनच दोषी ठरला आणि मार्च २०२३ मध्ये त्याला ७० महिन्यांची शिक्षा झाली. तो तुरुंग व त्याला जोडलेला कँप एप्रिल २०२४ मध्ये रिकामा करण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये १०३ स्त्रियांना मिळून सुमारे ११.६ कोटी डॉलर भरपाई देण्याचे सरकारने मान्य केले. ‘कँप कपकेक’ची थट्टा करणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

याचा अर्थ या स्त्रियांनी गुन्हेच केले नाहीत असा नव्हे. फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावलेल्यांचे, अमली पदार्थांनी घरे उद्ध्वस्त झालेल्यांचे दुःख खरे आहे आणि कायद्याने त्याची दखल घेतलीच पाहिजे. श्रीमंत गुन्हेगाराला सुखाची जागा आणि गरिबाला गजांची, ही शंकाही फेटाळण्यासारखी नाही. परंतु शिक्षा द्यावी की नाही हा एक प्रश्न आणि ती कोणत्या रूपाने द्यावी हा दुसरा. ज्या स्त्रीला कोंडून ठेवण्यासाठी भिंतीची गरज नाही, असे सरकारच लेखी ठरवते, तिला घरापासून शेकडो मैल दूर ठेवण्याची तरी गरज आहे का? योगायोगाने या प्रश्नाची परीक्षा होऊन गेली आहे. कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये झालेल्या कायद्यान्वये, हजारो संघीय कैद्यांना उरलेली शिक्षा स्वतःच्या घरी, देखरेखीखाली भोगण्यास पाठवण्यात आले. नव्या गुन्ह्यामुळे परत आणावे लागलेल्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी भरले. अशा घरी असलेल्या सुमारे दीड हजार जणांची शिक्षा राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये कमी केली. समाजाचे छप्पर काही कोसळले नाही.

सुटकेनंतरचा प्रवासही सोपा नसतो. थोर गायिका बिली हॉलिडे १९४७-४८ मध्ये ऑल्डरसनमध्ये होती. बाहेर आल्यावर अवघ्या काही दिवसांत कार्नेगी हॉल तिच्यासाठी तुडुंब भरला. पण शिक्षा झाल्यामुळे न्यूयॉर्कच्या मद्यगृहांत गाण्याचा परवाना तिला नाकारण्यात आला आणि रोजच्या भाकरीची वाट बंद झाली. जिच्यासाठी कार्नेगी हॉल भरत होता तिची ही गत, तर एखाद्या हिशेबनीस बाईला पुन्हा कोण नोकरी देणार? मेरी हॅरिस यांनी भिंती काढल्या त्या स्त्रीला परत समाजात उभे करण्यासाठी. भिंती आजही नाहीत, पण त्यामागचा हेतू पुष्कळसा विसरला गेला आहे. तुरुंगाची सौम्यता कुंपणाच्या उंचीवर मोजता येत नाही. आत गेलेल्या आईची मुलाशी गाठ टिकली का, तिची तक्रार ऐकणारा कोणी होता का आणि बाहेर आल्यावर तिला काम मिळाले का, या तीन कसोट्यांवरच ती मोजावी लागेल.