ओणमचे वस्त्र

केरळात ओणमला स्त्रिया न रंगविलेल्या सुताचे, सायीच्या रंगाचे वस्त्र नेसतात. त्याची शोभा केवळ जरीच्या काठाची. या काठालाच ‘कसवू’ म्हणतात.

मूळ पोशाख दोन वस्त्रांचा. ‘मुंडू’ कमरेभोवती गुंडाळावयाचा. ‘नेरियतू’चे एक टोक त्यात खोचून दुसरे छातीवरून तिरपे नेऊन डाव्या खांद्यावरून मागे सोडावयाचे. दुरून पाहणाऱ्यास ती साडीच वाटते. चोळी काठाशी जुळणारी किंवा गडद हिरवी, तांबडी असते आणि केसांत मोगऱ्याचा गजरा. याहून अधिक काही घातले की काठ हरवतो. पुढे रूढ झालेली अखंड कसवू साडी नेसावयास सोपी खरी. परंतु दोन काठांच्या मेळातील डौल तिच्यात उतरत नाही.

वडीलधाऱ्यांनी घरातील मंडळींस नवे वस्त्र, म्हणजे ‘ओणक्कोडी’, द्यावयाचे असा रिवाज आहे. त्यामुळे विणकरांची वर्षाची मोठी भिस्त या सणावर असते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, ओणम तोंडावर आला असताना, एर्नाकुलम जिल्ह्यातील चेंदमंगलम या विणकरांच्या गावात पुराचे पाणी शिरले. हातमाग निकामी झाले, विक्रीसाठी रचून ठेवलेली वस्त्रे चिखलाने माखली. ती नेसण्याजोगी राहिली नव्हती. तेव्हा ती धुऊन, निर्जंतुक करून त्यांच्या चिमुकल्या बाहुल्या करण्यात आल्या. मलयाळममध्ये ‘चेरू’ म्हणजे चिखल, ‘कुट्टी’ म्हणजे मूल. बाहुलीचे नाव ‘चेकुट्टी’. एका साडीतून सुमारे ३६० बाहुल्या निघत. धुऊनही न गेलेले डाग त्यांच्या अंगावर तसेच राहू दिले जात.