स्क्रीन शेअर होत नाही? दोष दरवेळी नेटचा नसतो

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीला पुण्याच्या ग्राहकासमोर ड्रॉइंग उघडायचं असतं. शेअरचं बटण दाबलं जातं, इकडे ड्रॉइंग ठळक दिसत असतं आणि तिकडून आवाज येतो, "साहेब, नुसता वॉलपेपरच दिसतोय की!" लगेच नेटवर खापर फुटतं. पण नेट संथ असेल तर चित्र अस्पष्ट होतं, अडकत अडकत येतं. वॉलपेपर स्वच्छ आणि ड्रॉइंग तेवढं गायब, असं मॅकवर झालं तर बहुधा परवानगी द्यायची राहिलेली असते.

कॅमेरा आणि माइक चालू आहेत म्हणजे स्क्रीनलाही मुभा मिळाली, असं अनेकजण धरून चालतात. अ‍ॅपलने 2019 च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून स्क्रीनची परवानगी वेगळी केली. सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘स्क्रीन अँड सिस्टिम ऑडिओ रेकॉर्डिंग’ सापडेल. जुन्या आवृत्तीत नुसतं ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’. तिथे अ‍ॅपसमोरचं बटण चालू करा. गूगल मीट त्या यादीत शोधू नका. मीट क्रोममध्ये उघडत असाल तर परवानगी क्रोमला द्यायची. मग अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. संगणक रिस्टार्ट करायची गरज नसते.

‘रेकॉर्डिंग’ हा शब्द वाचून माणसं बिचकतात. या परवानगीने मीटिंग आपोआप रेकॉर्ड होत नाही. पडद्यावरचं चित्र घ्यायची मुभा अ‍ॅपला मिळते, इतकंच. मात्र ती त्या मीटिंगपुरती नसते, नंतरही राहते. म्हणून ती खात्रीच्या अ‍ॅपलाच द्यावी. शेअर करतानाही पूर्ण स्क्रीनऐवजी एकच विंडो निवडा, म्हणजे दुसऱ्या ग्राहकाचं कोटेशन उघडं पडणार नाही.

विंडोजवर झूम किंवा टीम्ससाठी असं बटण सहसा नसतंच. तिथे शेअरिंग अडलं तर होस्टने ते बंद ठेवलंय का, हे आधी विचारा.

स्क्रीन दाखवली म्हणजे माउसचा ताबा दिला, हाही गैरसमजच. ताब्यासाठी वेगळी संमती लागते. पण नुसत्या दिसणाऱ्या स्क्रीनवरूनही ओटीपी वाचता येतो. बँकेतून किंवा पोलिसांकडून बोलतोय असं सांगून कुणी स्क्रीन शेअर करायला लावत असेल, तर फोन तिथेच ठेवा. पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.