गंभीर गुन्ह्यातील आरोपीचा बचाव : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
दि. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. पुढे या प्रकरणात महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ म्हणजेच ‘मकोका’ लावण्यात आला. त्यानंतर जिल्ह्यात, अगदी महाविद्यालयांच्या प्राध्यापक कक्षांतही, एक प्रश्न ऐकू येऊ लागला : असल्या गुन्ह्यातील आरोपींचे वकीलपत्र कोणी घ्यावेच का? प्रश्नामागील संताप समजण्याजोगा आहे. तथापि कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही.

कायदेशीर तरतुदी :
अटक झालेल्या व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२(१) ने दिला आहे. अनुच्छेद ३९-अ, जो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाला, मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये कोठडीतील व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. ही गोष्ट सुशिक्षितांनाही बहुधा माहीत नसते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार, आरोपी दोषी आहे की नाही याविषयीचे स्वतःचे मत बाजूस ठेवून त्याचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्य होय. एखाद्या आरोपीचा खटला कोणीही चालवू नये असे वकील संघांनी केलेले ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेकायदेशीर ठरविले.

बेलतगव्हाण प्रकरण :
बचावाचे मोल तत्त्वचर्चेपेक्षा एका प्रकरणातून अधिक स्पष्ट होते. जून २००३ मध्ये नाशिकजवळील बेलतगव्हाण येथे दरोडा पडला. त्यात पाच जणांची हत्या झाली, बलात्कारही झाला. या प्रकरणी सहा जणांना आरोपी करण्यात आले. ते भटक्या जमातींतील, मोलमजुरी करणारे होते. सत्र न्यायालयाने सर्वांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तर तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. हा निर्णय २०१८ मध्ये मागे घेण्यात आला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार निराळ्याच इसमांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. तीन पातळ्यांवरील निकालांत या बाबीस तिचे वजन मिळाले नव्हते. न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. परंतु सोळा वर्षे गेली होती, त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, आणि मृतांच्या कुटुंबासही खरे गुन्हेगार मिळाले नाहीत. दुर्बळ बचावाने फिर्यादी पक्षाचेही हित साधत नाही, असे आमचे मत आहे.

बीड जिल्ह्यातील अडचण :
१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदोपत्री पुसला गेला. तरी दरोडा पडला की पारधी वस्तीकडे प्रथम बोट दाखविले जाते, हे मराठवाड्यात कोणास सांगावयास नको.

यापेक्षा कमी चर्चिली गेलेली अडचण ऊसतोडीच्या स्थलांतराची आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. घटनेच्या वेळी आपण अन्यत्र होतो असा बचाव घेणाऱ्या आरोपीवर ते सिद्ध करण्याचा भार असतो. त्याचे साक्षीदार म्हणजे फडावरील सोबती, मुकादम, गाडीवान; पुरावा म्हणजे उचलीची वही किंवा कारखान्याची वजनपावती. हे सारे गावापासून शेकडो किलोमीटर दूर आणि हंगाम संपताच विखुरलेले. जामीन मंजूर झाला तरी सातबारा असलेला जामीनदार मिळतोच असे नाही.

सन २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था सुरू केली. त्याआधी, डिसेंबर २०१९ मधील अनोखीलाल खटल्याच्या निकालात, फाशी अथवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यांत किमान दहा वर्षे अनुभवाचाच वकील नेमावा आणि त्यास तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. दोषारोपपत्र वाचण्यास सात दिवस कदाचित पुरतील. बेळगावच्या फडावरील मुकादम शोधून त्यास केजला साक्षीसाठी आणण्यास ते पुरत नाहीत, आणि त्या प्रवासाचा खर्च अनेकदा आरोपीच्या घरच्यांवर पडतो.